अहवाल मागणाऱ्याच्याच हाती अहवाल द्यायचा, पण कसा? (अनुभव आणि चर्चा)

पाणंद (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संघात गेली अकरा वर्षं विदागार (डेटाबेस) सांभाळतोय. पोस्टग्रेस नावाचं सॉफ्टवेअर आहे. त्यात गावोगावच्या संस्थांमधून सकाळ-संध्याकाळ संकलन येऊन पडतं: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ), गाय की म्हैस, कोणता उत्पादक.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझा दिवस असा सुरू व्हायचा. संकलन विभागाचा फोन: "साहेब, कालचं तालुकावार गाय दूध काढून द्या." लगेच हिशोब विभाग: "मागच्या पाळीत (दहा दिवसांच्या बिलाच्या काळात) अ‍ॅडव्हान्स बाकी असलेल्या उत्पादकांची यादी पाहिजे." दुपारी पशुवैद्यकीय विभागाला फॅट घसरलेली गावं हवी असायची. प्रश्न सगळे रास्त. पण एकेका उत्तराला मी तास-दीड तास लावायचो, आणि त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघायचा तेव्हा मी दुसऱ्याच कामात असायचो. मग समोरचा माणूस तो पुढचा प्रश्न विचारायचाच बंद व्हायचा. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. ज्यांना दूध कळतं त्यांच्यापर्यंत आकडे पोचत नव्हते, आणि ज्याच्याकडे आकडे होते त्या मला दूध कळत नव्हतं.

म्हणून मेटाबेस हे अहवाल काढायचं साधन बसवलं. माउसने टेबल निवडा, फिल्टर लावा, बेरीज घ्या, आलेख काढा. एसक्यूएल (विदागाराला प्रश्न विचारायची भाषा) यायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात सगळे खूश. दुसऱ्या आठवड्यात तीन विभागांनी एकाच तालुक्याची तीन वेगळी सरासरी फॅट काढली आणि बैठकीत तिन्ही कागद माझ्यासमोर ठेवले.

काय झालं होतं ते सांगतो, कारण या विषयाचा गाभा मला तिथेच सापडला. एकाने फॅटच्या कॉलमवर 'सरासरी' दाबलं होतं. उदाहरण घ्या: एका उत्पादकाचं २० लिटर दूध ३.५ फॅटचं, दुसऱ्याचं २ लिटर ५.० चं. कॉलमची सरासरी येते ४.२५. पण कॅनमधल्या दुधाची फॅट आहे ३.६४, कारण लिटरला फॅटने गुणायचं, बेरीज करायची आणि एकूण लिटरने भागायचं. दुसऱ्याने गावांच्या सरासऱ्यांची पुन्हा सरासरी घेतली होती. तिसऱ्याची पद्धत बरोबर होती, पण त्यात म्हशीचं दूध मिसळलेलं. मशीन चुकलं नव्हतं, माणसंही आळशी नव्हती. मीच त्यांच्या हाती कच्ची टेबलं दिली होती.

त्यानंतर मी साधन तेच ठेवलं आणि त्याखालची मांडणी बदलली. कच्ची टेबलं लपवली. 'अहवाल' नावाची वेगळी स्कीमा (विदागारातला स्वतंत्र कप्पा) केली, तिच्यात मोजून नऊ व्ह्यू, म्हणजे मूळ टेबलांवरून तयार करून दिलेले तक्ते. कॉलमांची नावं मराठीत, विभागात बोलतात तशीच: संकलन_दिनांक, सत्र, जनावर, लिटर, फॅट_किलो (त्या दुधातली एकूण फॅट), एसएनएफ_किलो. नुसता 'फॅट' कॉलम ठेवलाच नाही. सरासरी फॅट हे माप मेटाबेसमध्ये एकदाच लिहून ठेवलं, सगळे तेच वापरतात.

तुमच्याकडे हे कसं चालतं? कोणी कोणती साधनं वापरली, कुठे अडलात, सविस्तर लिहा.

कोरी_पाटी

वाखू (वाचनखूण) साठवली. आमच्याकडे अजून क्रिस्टल रिपोर्ट्स या अहवाल-सॉफ्टवेअरच्या जुन्या फायली चालतात. एक कॉलम वाढवायचा तरी बाहेरच्या माणसाला बोलवावं लागतं. वाचतोय.

घाटमाथा

लेख आवडला, पण मी विरुद्ध बाजूने लिहिणार आहे.

मी पुण्यात एका गोदाम व्यवसायात डीबीए (विदागार सांभाळणारा) आहे. आमच्याकडे एसक्यूएल सर्व्हर हे मायक्रोसॉफ्टचं विदागार. एका अधिकाऱ्यांनी, त्यांचा हेतू चांगलाच होता, अ‍ॅक्सेसमधून थेट चालू विदागाराची टेबलं जोडून घेतली. लाखो ओळींचं टेबल उघडलं, पहिला पडदा भरला आणि ते जेवायला गेले. अ‍ॅक्सेस ओळी लागतील तशा आणतं, त्यामुळे मागे क्वेरी (विदागाराला विचारलेला प्रश्न) अर्धवट उघडीच राहिली. एसक्यूएल सर्व्हरच्या मूळ सेटिंगमध्ये वाचणाराही लॉक घेतो, म्हणजे तो वाचत असलेला भाग तेवढा वेळ इतरांना बदलता येत नाही. गेटवरच्या गाड्यांच्या नोंदी खोळंबल्या आणि ट्रकची रांग रस्त्यापर्यंत गेली. कारण शोधायला मला चाळीस मिनिटं लागली.

तेव्हापासून माझं मत ठाम आहे. पक्के अहवाल करून द्या, त्यात तारीख आणि गोदाम निवडायची सोय ठेवा, बस. दहा अहवालांत ऐंशी टक्के गरजा भागतात असा माझा अनुभव. विदागार हे सार्वजनिक वाचनालय नव्हे.

पाणंद

घाटमाथा, तुमची ट्रकची रांग डोळ्यांसमोर आली. चालू विदागारावर कोणालाही थेट सोडायचं नाही याबद्दल पूर्ण सहमत. आमच्याकडे अहवालांसाठी वेगळी रेप्लिका (मुख्य विदागाराची सतत अद्ययावत होणारी प्रत) आहे. पोस्टग्रेसमध्ये वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही हे खरं, पण तासभर चालणारी क्वेरी डिस्क खाते आणि व्हॅक्यूमला जुन्या ओळी साफ करू देत नाही. म्हणून मेटाबेसचा युजर फक्त 'अहवाल' स्कीमा वाचू शकतो, त्याला स्टेटमेंट टाइमआउट (एका क्वेरीला मिळणारा जास्तीत जास्त वेळ) ६० सेकंद आणि कनेक्शन जास्तीत जास्त आठ.

रेप्लिकेचा एक त्रास आधीच सांगून ठेवतो. मुख्य सर्व्हरकडून आलेले बदल लावायचे असतील आणि तेव्हाच कोणाची लांब क्वेरी चालू असेल, तर रेप्लिका तीस सेकंद थांबते आणि मग क्वेरी रद्द करते. हे मूळ सेटिंग आहे. वापरणाऱ्याला फक्त न समजणारा लाल संदेश दिसतो. आम्ही तो वेळ दोन मिनिटं केला. त्यामुळे रेप्लिका कधी कधी दोन मिनिटं मागे राहते, पण कालचा अहवाल बघणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

तुमच्या दुसऱ्या मुद्द्याशी अर्धा सहमत. उत्पादकाचं दहा दिवसांचं बिल, लेखापरीक्षणाला जाणारे तक्ते, बँकेला जाणारी यादी हे सगळं पक्कंच हवं. तिथे कोणालाही फिल्टर बदलायची मुभा नको. पण उरलेले जे प्रश्न तुम्ही वगळताय, त्यांच्यातच धंदा असतो. एका गावाची फॅट फक्त संध्याकाळच्या सत्रात का घसरते, हा प्रश्न कोणत्याही पक्क्या अहवालात नव्हता. आमच्या पर्यवेक्षकाने तो स्वतः खोदून काढला. गावी जाऊन बघितलं तर संध्याकाळी कॅन नीट न ढवळता नमुना घेतला जात होता. मला हे सात जन्मांत सुचलं नसतं.

लेस्टरकर

इंग्लंडमधून लिहितेय, आरोग्य क्षेत्रातल्या विदेवर काम करते. पाणंद यांच्या मुद्द्याला जोड म्हणून इथलंच उदाहरण देते.

सप्टेंबर २०२० च्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी आरोग्य संस्थेच्या रोजच्या आकड्यांतून कोविडचे १५,८४१ बाधित गळले होते. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फायलींमधून पुढे सरकत होती आणि त्या प्रकारच्या पानात फक्त ६५,५३६ ओळी मावतात. त्यापुढच्या ओळी नुसत्या गळून गेल्या. त्या माणसांच्या संपर्कात आलेल्यांना वेळेत कळवलं गेलं नाही. तेव्हा मी इथेच होते, आणि ती बातमी वाचताना हात गार पडले होते.

नव्या एक्सेलची मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण अशी मर्यादा प्रत्येक साधनात कुठे ना कुठे असते. मेटाबेस पडद्यावर पहिल्या २,००० ओळीच दाखवतो. खाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं, पण तिकडे कोण बघतं? माझ्या एका सहकाऱ्याने पडद्यावरून ओळी उचलून बेरीज केली होती. बेरीज साधनातच करायची, किंवा पूर्ण फाइल उतरवून घ्यायची, हे पहिल्याच दिवशी शिकवायला हवं.

पाणंद

लेस्टरकर, मनापासून आभार. २,००० चा घोळ आमच्याकडेही झालाय. संस्था दोन हजारांपेक्षा कमी आहेत म्हणून गाववार यादीत कळलं नाही, उत्पादकवार यादीत कळलं.

विदाप्रेमी

साधनं कोणती, यावर थोडं लिहितो. खालच्या तिन्हींवर मी काम केलंय.

पॉवर बीआय: एक्सेल येणाऱ्याला आपलंसं वाटतं. डेस्कटॉप फुकट आहे, पण फक्त विंडोजवर चालतं आणि बनवलेलं इतरांना नीट वाटायचं तर परवाने लागतात. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, ते त्याला सूत्रात सांगता येतं. मापांची सूत्रं डॅक्समध्ये लिहावी लागतात. ती भाषा पहिल्या दिवशी सोपी वाटते आणि महिन्याभराने अवघड.

सुपरसेट: एअरबीएनबीमध्ये २०१५ साली सुरू झालं, २०२१ मध्ये अपाचेचा पूर्ण प्रकल्प झालं. मुक्त आवृत्तीतच ओळींवर मर्यादा घालता येतात, म्हणजे कऱ्हाडच्या माणसाला फक्त कऱ्हाड दिसेल. आलेख पुष्कळ. पण बसवायला आणि सांभाळायला माणूस लागतो.

मेटाबेस: एका जार फाइलवर अर्ध्या तासात उभा राहतो, आणि धोकाही तिथेच आहे. स्वतःचे प्रश्न, डॅशबोर्ड, युजर हे सगळं तो सुरुवातीला एचटू नावाच्या फाइलवजा विदागारात ठेवतो. ते तसंच ठेवून खरं काम सुरू करू नका. फाइल बिघडली की सगळ्यांची मेहनत गेली. पहिल्या दिवशीच पोस्टग्रेसवर हलवा. ओळींवरच्या मर्यादा सशुल्क आवृत्तीत आहेत.

आणि ही साधनं इंटरनेटवर उघडी ठेवू नका. २०२३ मध्ये मेटाबेसमध्ये अशी फट सापडली होती की लॉगिनशिवाय सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता यायची. त्याच वर्षी सुपरसेटमध्ये मूळची गुप्त किल्ली न बदलणाऱ्यांचं लॉगिन बाहेरच्याला मिळवता येतं हे उघड झालं. ज्या यंत्राकडे तुमच्या विदागाराचा पासवर्ड आहे त्याला कुलूप हवंच.

अबोली

मी आयटीची नाही. एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागात नोंदी बघते. आम्हालाही असंच साधन दिलंय, म्हणून वापरणाऱ्याच्या बाजूने लिहिते.

पहिले सहा महिने मी ते उघडलंच नाही. शिकायची भीती नव्हती. आकड्यावर भरवसा नव्हता. पडद्यावर ऊस नोंदणीचं क्षेत्र दिसतं, माझ्या रजिस्टरला वेगळं आहे, आणि कोणतं खरं हे सांगायला कोणी नाही. गटातल्या शेतकऱ्याला मी कोणता आकडा सांगायचा? तो उद्या माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहतो, सॉफ्टवेअरपुढे नाही.

भरवसा बसला तो एका साध्या गोष्टीने. आमच्या संगणक विभागातल्या दादांनी डॅशबोर्डच्या डोक्यावर एक चौकोन टाकला: शेवटची नोंद कधी आली. आणि एक दुपार माझ्याशेजारी बसून एका गटाचं रजिस्टर ओळीने ओळीशी जुळवलं. फरक निघाला तो रद्द झालेल्या नोंदींचा. तेव्हापासून रोज वापरते.

माझी एक अडचण आहे. 'या वर्षी' असा फिल्टर लावला की जानेवारीपासूनचं दिसतं. आमचा हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो. दरवेळी दोन तारखा हाताने टाकते. काही उपाय?

पाणंद

अबोलीताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी आमच्या प्रत्येक डॅशबोर्डवर 'शेवटची नोंद' टाकायला घेतली. अकरा वर्षांत हे मला कोणी असं समजावून सांगितलं नव्हतं.

हंगामासाठी तुमच्या दादांना 'दिनांक' नावाचं एक टेबल करायला सांगा. प्रत्येक तारखेची एक ओळ, आणि तिच्यापुढे: महिना, आर्थिक वर्ष, साखर हंगाम, आठवडा. २४ डिसेंबर आणि ५ फेब्रुवारी दोघांपुढे एकच हंगाम लिहिलेला असेल. मग तुम्ही तारखा टाकायच्या नाहीत, यादीतून हंगाम निवडायचा. आमच्याकडे त्याच टेबलात बिलाची पाळी आहे: १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर. तिसरी पाळी फेब्रुवारीत आठ दिवसांचीही असते आणि मोठ्या महिन्यात अकरा. हे सूत्राने काढायला गेलं की प्रत्येक जण वेगळं काढतो. एकदा टेबलात लिहिलं की वाद संपला.

तारखेवरून आमची सगळ्यात चीड आणणारी चूक सांगतो. नोंदीची वेळ विदागारात यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) होती. आपली वेळ साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आत मोजलेलं दूध अहवालात आदल्या दिवशी पडायचं! सकाळी लवकर संकलन करणारी गावं रोज थोडी थोडी 'काल'मध्ये सरकत होती. महिन्याची बेरीज जवळपास जुळायची म्हणून कोणाच्या लक्षात येईना. मेटाबेसमध्ये रिपोर्ट टाइमझोन एशिया-कोलकाता केला, आणि व्ह्यूमध्ये संकलन_दिनांक हा वेळ नसलेला, नुसता तारखेचा कॉलम दिला.

घाटमाथा

हे व्ह्यूचं पटतंय. पण लोकांनी दोन व्ह्यू एकमेकांना जोडले तर? सगळा घोळ जॉइनमध्ये होतो.

पाणंद

अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. झालंय तेही.

एका पाळीत दोन्ही सत्रांना दूध घालणाऱ्या उत्पादकाच्या संकलनाच्या २० नोंदी. त्याच पाळीत त्याच्या कपातीच्या तीन: पशुखाद्य, अ‍ॅडव्हान्स, औषधं. उत्पादक क्रमांकावर दोन्ही जोडलं की प्रत्येक नोंद प्रत्येक कपातीला चिकटते, ६० ओळी होतात. लिटर तिप्पट, कपात वीसपट. पडद्यावर मात्र सगळं नीटनेटकं दिसतं. ज्याला त्या माणसाकडे दोनच म्हशी आहेत हे माहीत असतं, त्यालाच शंका येते.

त्यामुळे माझा नियम असा: दोन तपशील-टेबलं वापरणाऱ्याला कधीच जोडायला लावायची नाहीत. दोन्हींची आधी पाळीवार बेरीज करायची, मग उत्पादक आणि पाळी यांवर जोडून 'उत्पादक_पाळी_सारांश' असा तयार व्ह्यू द्यायचा. एक ओळ म्हणजे एक उत्पादक, एक पाळी. प्रत्येक व्ह्यूच्या वर्णनात पहिलं वाक्य तेच: 'यातली एक ओळ म्हणजे काय.' हे वाक्य मला लिहिता आलं नाही तर तो व्ह्यू मी कोणाला देत नाही.

बँक खातं आणि आधार क्रमांक या व्ह्यूंमध्ये येऊच देत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदेचा कायदा आहेच. तो नसता तरी फॅटचा आलेख काढणाऱ्याला कोणाचं खातं दिसायचं कारण नाही. पोस्टग्रेसमध्ये व्ह्यू त्याच्या मालकाच्या हक्काने चालतो, म्हणून वाचणाऱ्याला मूळ टेबलाची परवानगी द्यावी लागत नाही.

कोरी_पाटी

आमच्याकडे गावांची नावं देवनागरीत आहेत. अहवालात एकच गाव दोनदा येतं, आणि दोन्ही नावं अक्षरशः सारखी दिसतात. कोणाला अनुभव?

लेस्टरकर

नावात ऱ्ह किंवा ऱ्य आहे का?

कोरी_पाटी

हो! कऱ्हाड.

लेस्टरकर

तेच. हा र तीन तऱ्हांनी साठवला जातो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर. दोन, साधा 'र' आणि खाली नुक्ता (टिंब). तीन, साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला तिन्ही एकच, विदागाराला तीन गावं. कोणता कीबोर्ड वापरला त्यावर काय साठवलं जातं ते ठरतं.

पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइझ नावाचं फंक्शन आहे. ते पहिले दोन प्रकार एक करतं. तिसरा मात्र त्याने सुटत नाही. 'र', हलन्त आणि जोडचिन्ह अशी जागा शोधून तिथे 'ऱ' आणि हलन्त घालायचं वेगळं रिप्लेस लिहावं लागतं.

विदाप्रेमी

आणि शक्य असेल तर नावावर गट पाडूच नका, गावाच्या कोडवर पाडा. नाव फक्त दाखवायला.

दुसरं, सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) उतरवून एक्सेलमध्ये थेट उघडली की देवनागरीची पुष्कळदा खिचडी होते. एक्सएलएसएक्स म्हणूनच उतरवा, किंवा एक्सेलच्या डेटा मेनूतून आणताना यूटीएफ-८ निवडा.

घाटमाथा

एक शेवटची शंका. हल्ली सगळे म्हणतात की आता एआयला मराठीत विचारा, तो एसक्यूएल लिहून देईल. मग ही सगळी मांडणी कशाला?

पाणंद

मी करून बघितलं. कच्च्या टेबलांवर 'कऱ्हाड तालुक्याची सरासरी फॅट' विचारली तर त्याने कॉलमची सरासरीच घेतली, पहिल्या आठवड्यात आमच्या माणसाने घेतली होती तशीच. व्ह्यू आणि त्यांची वर्णनं दिल्यावर फॅट_किलो भागिले लिटर केलं.

ही इच्छा जुनी आहे. १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी आयबीएममध्ये सीक्वेल भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. प्रोग्रामर नसलेल्या माणसालाही तिने विदागाराला विचारता यावं, हा त्यांचा एक हेतू होता. भाषा सोपी केली तरी 'फॅट म्हणजे कोणती फॅट' हे संघातल्या कोणीतरी बसून ठरवावंच लागतं. आमच्याकडे त्यासाठी संकलन, हिशोब आणि मी अशा चार बैठका झाल्या. 'सक्रिय उत्पादक' कोणाला म्हणायचं यावरच एक अख्खी बैठक गेली. शेवटी ठरलं: मागच्या तीन पाळ्यांत एकदा तरी दूध घातलेला.

अबोली

दिनांक टेबल झालं! हंगाम यादीतून निवडता येतोय. काल चार गटांचं टनेज काटा पावत्यांशी जुळवून बघितलं. तीन जुळले. चौथ्यात रोज एक-दोन गाड्यांचा फरक येतोय, पण आठवड्याची बेरीज जुळते.

पाणंद

अबोलीताई, फरक कोणत्या वेळच्या गाड्यांचा आहे ते बघा. तुमच्या काट्याचा दिवस मध्यरात्रीच बदलतो का?

अबोली

नाही, कामगारांच्या पहिल्या पाळीबरोबर पहाटे ४ ला बदलतो. बघितलं, सगळ्या गाड्या रात्री १२ ते ४ मधल्याच आहेत. तो गट लांबचा आहे, त्यांच्या गाड्या रात्री उशिरा पोचतात.

पाणंद

मग सापडलं. दादांना सांगा, व्ह्यूमध्ये वजनाच्या वेळेतून चार तास वजा करायचे आणि मग तारीख घ्यायची. त्या कॉलमचं नाव 'काटा_दिनांक' ठेवा, नुसतं 'दिनांक' नको. आणि कॉलमच्या कॉमेंटमध्ये 'दिवस पहाटे ४ ते पहाटे ४' असं लिहून ठेवायला सांगा. मेटाबेस असेल तर तो ती कॉमेंट वर्णन म्हणून दाखवतो. ते झालं की चौथा गट पुन्हा एकदा पावत्यांशी लावून बघा.